सभासद क्रमांक अकरा

श्यामसुंदरराव जामदारांना कोणी "कुठले जामदार?" असं विचारलं, तर ते गाव सांगत नसत आणि गोत्रही सांगत नसत. ते म्हणत, "शारदा वाचनालय, क्रमांक अकरा." विचारणारा जबलपूरचा मराठी माणूस असला तर जरा सावरून बसे. नसला तर गोंधळून "अच्छा, अच्छा" म्हणे. श्यामसुंदररावांना दोन्ही चालत असे.

बडा फुहाऱ्याच्या बाजारातल्या गर्दीतून आत वळलं की कापडाच्या दोन दुकानांमधून एक अरुंद जिना वर जातो. त्या जिन्यावर शारदा मराठी वाचनालय. पंचाहत्तर वर्षांपूर्वी ज्या बारा जणांनी ते काढलं, त्यांत श्यामसुंदररावांचे वडील अकरावे. बारावे कोण होते हे आता कोणाला आठवत नाही, पण अकरावे कोण होते हे श्यामसुंदरराव कोणाला विसरू देत नाहीत. वडील एक्याण्णव साली गेले. समितीने ठराव केला आणि नंबर श्यामसुंदररावांकडे आला. घर धाकट्या भावाकडे गेलं, पनागरची जमीन चुलत्यांनी आधीच विकून खाल्ली होती, तेव्हा यांच्या वाट्याला आला तो हा अकरा. आपल्या वाट्याला जे येतं त्याचा माणसानं अभिमान बाळगावा, नाहीतर प्रकृती बिघडते.

या वर्षी वाचनालयाचा अमृतमहोत्सव. समितीने ठरवलं की आता वह्या पुरे, सगळं कंप्युटरवर न्यायचं. इंदूरच्या एका कंपनीकडून सॉफ्टवेअर आलं. प्रत्येक सभासदाला प्लास्टिकचं कार्ड मिळणार, त्यावर नाव, फोटो आणि नंबर. इथवर सगळं छान होतं. मग सचिव सौमित्र बक्षी सहज बोलून गेले की नंबर सॉफ्टवेअरच देतं, नावाच्या इंग्रजी अक्षराप्रमाणे.

श्यामसुंदररावांनी मनातल्या मनात ए, बी, सी म्हणायला सुरुवात केली आणि एस येईपर्यंत त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

"म्हणजे आमचा अकरा गेला?"

"तसं नाही काका. 'जुना क्रमांक' असा एक कॉलम आहे. प्रत्येक जुन्या नंबरासमोर कोणी नीट माणूस जुळवून दिला तर कार्डावर जुनाच नंबर छापता येईल. आजवर घेतलेल्या पुस्तकांची नोंदसुद्धा त्याच नंबराला चिकटून येईल. पण सहाशे बारा नंबर आहेत. बसणार कोण?"

"मी बसतो," श्यामसुंदरराव म्हणाले.

यात समाजसेवा किती आणि भीती किती, हे त्यांचं त्यांनाच ठाऊक. दुसऱ्या कोणाच्या हाती ही यादी गेली आणि अकरासमोर भलतंच नाव पडलं तर? शिवाय चौतीस वर्षं त्यांनी वीज मंडळाच्या मीटर शाखेत काढली होती. एक मीटर, एक नंबर, एक ग्राहक. यात अवघड काय आहे?

घरी शरयूताई मेथी निवडत होत्या. त्यांनी विचारलं, "काहून अंगावर ओढवून घेतलं? तुम्हाला तर स्वतःचा चष्मा सापडत नाही."

"तुला नाही कळायचं. नंबराचा प्रश्न आहे."

"बरं बापा," शरयूताई म्हणाल्या, आणि मेथी बाजूला सारून मांडीवरचं उघडं पुस्तक पुढं वाचू लागल्या.

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या नेहा मॅडमचा फोन आला.

"सर, एक आईडी पे एक ही मेंबर आएगा. एक नाम, एक मोबाइल. उसी मोबाइल पे ओटीपी जाएगा."

"मॅडम, हमारे यहाँ नंबर आदमी का नहीं, घर का होता है."

"घर का नाम बताइए सर."

"घर का नाम नहीं है. घर में जो रहते हैं, सबका एक नंबर."

"सर," नेहा मॅडम फार शांतपणे म्हणाल्या, "घर को तो हम मेंबर नहीं बना सकते."

इथे घोडं अडलं. कारण शारदा वाचनालयात पंचाहत्तर वर्षं हेच चाललं होतं. आजोबा गेले की नंबर बापाकडे, बाप गेला की मुलाकडे. ठरावबिराव फक्त पहिल्या बारा जणांसाठी, बाकीच्यांचं नाव वहीत बदलण्याची तसदीच कोणी घेतली नव्हती. नुसती वही पाहिली तर वाचनालयाचे सर्वांत नियमित वाचक कैलासवासी होते. एक गृहस्थ तर सत्त्याऐंशी साली वारले होते आणि गेल्या मंगळवारी दिवाळी अंक घेऊन गेले होते.

तेव्हा घरोघरी जाऊन विचारणं आलं. श्यामसुंदररावांनी डायरी घेतली, स्कूटरमध्ये पेट्रोल भरलं आणि निघाले.

पहिलाच मुक्काम कांचघर मोहल्ला, क्रमांक चौतीस, उमरेडकर. उमरेडकरांच्या घरात दोन भाऊ, तुळशीराम आणि आत्माराम, आणि दोघांच्या मध्ये दहा वर्षांपूर्वी घातलेली भिंत. अंगण वाटलं गेलं, नळ वाटला गेला, पेरूच्या झाडाच्यासुद्धा फांद्या मोजून झाल्या होत्या. वाचनालयाचा नंबर मात्र वाटायचा राहून गेला होता, आणि हे दोघांच्याही ध्यानात श्यामसुंदररावांनी विचारल्यावर आलं.

"माझाच," तुळशीराम म्हणाले. "वडील माझ्याकडे गेले."

"गेले त्याच्याकडे, पण आजारपण कोणी काढलं?" भिंतीपलीकडून आवाज आला. आत्माराम ऐकून राहिले होते.

श्यामसुंदररावांनी भिंतीच्या अलीकडे दोन आणि पलीकडे दोन असे चार कप चहा घेतले आणि डायरीत चौतीससमोर प्रश्नचिन्ह काढून पित्त घेऊन घरी आले.

पनागरला अंजनीबाई होत्या, क्रमांक दोनशे सहा. नवरा जाऊन बारा वर्षं झाली, पण दर महिन्याला बसनं येऊन पुस्तक बदलायच्या. त्या म्हणाल्या, "नंबर यांच्याच नावावर राहू द्या भाऊ. वाचते मी, पण नाव त्यांचं असलं की बरं वाटतं." श्यामसुंदररावांचं मन भरून आलं. त्यांनी उदार मनानं कैलासवासी गृहस्थांचं नाव तसंच ठेवलं. तिसऱ्या दिवशी नेहा मॅडमचा फोन: "सर, दो सौ छह नंबर वाले अंकल ओटीपी नहीं दे रहे हैं."

अशी तीन आठवडे वणवण झाली. डायरीत प्रश्नचिन्हांची संख्या दीडशेवर गेली. एवढ्यात शेजारचे गौतमभाऊ पोहे घेऊन आले. गौतमभाऊ बँकेतून निवृत्त झालेले, आणि जगात असा प्रश्न नाही ज्यावर त्यांनी न विचारता सल्ला दिला नाही. अशा माणसाला आपल्याकडे उंटावरचा शहाणा म्हणतात. पण उंटावरच्या माणसाला लांबचं दिसत असेल, असं खाली उभ्या असलेल्याला नेहमीच वाटतं.

"काहून एवढं टेन्शन घेऊन राहिले जामदारसाहेब? जी नावं आहेत ती घाला एक्सेलमध्ये. मग नावं अक्षराप्रमाणे लावून घ्या. एकच नाव दोनदा आलं असेल तर खाली-वर दिसतं. एका बटणाचं काम आहे."

श्यामसुंदररावांनी प्रश्नचिन्हांच्या जागी जे नाव आधी सुचलं ते घालून यादी पुरी केली आणि नावांचा आणि मोबाइलचा असे दोन कॉलम निवडले. शेजारच्या जुन्या नंबरांच्या कॉलमला त्यांनी हात लावला नाही, कारण त्यात त्यांचा अकरा होता आणि त्याला धक्का लागायला नको होता. बटण दाबल्यावर कंप्युटरनं विचारलं की निवड वाढवायची का. आयुष्यभर काटकसरीनं राहिलेला माणूस असल्या प्रश्नाला काय उत्तर देणार? वाढवायची कशाला, आहे तेवढंच पुरे. त्यांनी 'नको'वर टिचकी मारली.

नावं आणि मोबाइल सरसर हलले. नंबर जागच्या जागी राहिले. सहाशे बारा माणसं आपापलं घर सोडून दुसऱ्याच्या घरात शिरली आणि श्यामसुंदररावांना कळलंसुद्धा नाही. उलट यादी कशी सुबक दिसत होती! त्यांनी ती चढवून दिली आणि दुपारी डोळा लागावा म्हणून आडवे झाले.

आता सांगायचं राहिलं ते असं, की वाचनालयाच्या ग्रंथपाल समिधानं बाकी राहिलेल्या पुस्तकांची यादी जुन्या नंबरांप्रमाणे आधीच चढवलेली होती. यादी मिळताच सॉफ्टवेअरनं आपल्या कर्तव्याला जागून सगळ्यांना संदेश धाडले.

चार वाजता फोन वाजायला लागला. हर्षाताई, ज्यांनी चाळीस वर्षं संस्कृत शिकवलं आणि लग्न केलं नाही, त्यांच्याकडे 'सासूला आपलेसे कसे करावे' हे पुस्तक चौदा महिन्यांपासून बाकी होतं. "श्यामसुंदर," त्या म्हणाल्या, "हा विनोद असेल तर फार खालच्या दर्जाचा आहे." आहारतज्ज्ञ डॉक्टरांकडे 'पन्नास प्रकारचे लाडू' निघाले. सचिव सौमित्र बक्षींकडे 'सभा कशी चालवावी' निघालं, त्यावर मात्र कोणी हरकत घेतली नाही.

श्यामसुंदररावांनी स्वतःचा संदेश उघडला. "प्रिय श्यामसुंदर, जुना क्रमांक 538. आपके नाम 'चला, प्राणी रंगवू या' बाकी है."

पाचशे अडतीस! अकरा गेला तो गेला, वर प्राणी रंगवायचे! मग वाचनालयाच्या ग्रुपवर एक संदेश आला, कांचघरहून, आत्माराम उमरेडकरांचा: "क्रमांक अकरा मिळाला. समितीचे मनापासून आभार." खाली हात जोडलेले. इंग्रजी ए अक्षरानं सुरू होणारी मराठी माणसं जबलपुरात मोजकी नाहीत, आणि त्यांत आत्माराम बरोबर अकरावे निघाले होते.

श्यामसुंदररावांनी ताबडतोब फोन लावला. "आत्मारामजी, ती चूक आहे. अकरा आमचा आहे."

"आता कसं करता साहेब? मी तर व्याह्यांना सांगून बसलो."

शरयूताईंनी ताटं वाढली. श्यामसुंदरराव ताट सोडून फोनकडेच पाहत बसले होते. "एवढं काय त्यात?" शरयूताई म्हणाल्या. "कार्डावर अकरा असो की पाचशे, पुस्तक तर तेच मिळणार ना?"

"पुस्तकाचा प्रश्नच नाही इथे!" श्यामसुंदरराव ओरडले. शरयूताईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि आमटी पुढं सरकवली.

रविवारी समितीची तातडीची सभा झाली. आपण एक साधी चूक केली आणि दीडशे भांडणं उभी राहिली, हे श्यामसुंदररावांना जिना चढतानाच ऐकू येत होतं. आत हर्षाताई तो संदेश शेजारणीला दाखवत होत्या. उमरेडकर बंधू दोन टोकांना बसले होते. माणसाची अशी शोभा झाली की त्याच्यापुढं दोनच वाटा उरतात. गप्प बसावं, नाहीतर काहीतरी फार मोठं बोलावं. श्यामसुंदरराव उभे राहिले.

"चूक माझी. नंबर मी पुन्हा जुळवतो. पण आता कोणाच्या सांगण्यावरून नाही. आपल्या देवघेवीच्या वह्यांत प्रत्येक पुस्तकासमोर नेणाऱ्याची सही आहे. त्या नंबरावर सगळ्यांत जास्त सह्या ज्याच्या, नंबर त्याचा. मग तो थोरला असो, धाकटा असो, कोणी असो. वाचनालय आहे हे. जो वाचतो त्याचा नंबर!"

टाळ्या पडल्या. खऱ्याखुऱ्या टाळ्या. हर्षाताईंनीसुद्धा दोन वाजवल्या. इतिवृत्तात नोंद झाली: सूचक श्यामसुंदर जामदार, अनुमोदक गौतमभाऊ, ठराव एकमतानं मंजूर. श्यामसुंदरराव त्या दिवशी जिना उतरले ते एखादा खटला जिंकल्यासारखे.

दुसऱ्या दिवसापासून ते वाचनालयातच बसू लागले. समिधानं कपाटातून वह्या काढून दिल्या, कापडी बांधणीच्या, जाडजूड, काही वाळवीनं चाखलेल्या. समिधाला मराठी समजे सगळं, बोलताना मात्र ती घसरून हिंदीत जाई. "काका, ये सब देखणार तुम्ही? अकेले?"

"सगळं पाहणार. नियम म्हणजे नियम."

पहिल्यांदा उमरेडकरांचा चौतीस उघडला. तुळशीरामांच्या सह्या चार, आत्मारामांच्या सहा, आणि आत्मारामांच्या बायकोच्या, जयाबाईंच्या, सातशे वीस. श्यामसुंदरराव पोट धरून हसले. त्यांनी मुद्दाम फोन करून कळवलं. आत्मारामांनी फोन सरळ जयाबाईंकडे दिला. तुळशीराम मात्र खूश झाले. "चलो, त्याला तर नाही ना मिळाला!"

मग असं एकामागून एक व्हायला लागलं. बारा वर्षं समितीच्या अध्यक्षपदी असलेल्या गृहस्थांच्या नंबरावर त्यांच्या बहिणीच्या सह्या. डॉक्टरांच्या नंबरावर त्यांच्या आईच्या. गौतमभाऊंच्या नंबरावर कोणाच्याच नाहीत, नंबर अगदी कोरा करकरीत. पनागरच्या अंजनीबाईंच्या नंबरावर मात्र त्यांच्या स्वतःच्याच सह्या होत्या, नवरा असतानासुद्धा त्याची एकही नव्हती. श्यामसुंदररावांनी फोन केला तेव्हा त्या म्हणाल्या, "असं का? मग माझंच लिहा भाऊ. नियमच आहे तर यांचाही इलाज नाही." श्यामसुंदरराव रोज घरी येऊन एकेक किस्सा रंगवून सांगत. "काय गं माणसं! नंबर मिरवायचा यांनी आणि वाचायचं दुसऱ्यानं!" शरयूताई पोळ्या लाटता लाटता "हो का?" म्हणत.

स्वतःचा नंबर त्यांनी मुद्दाम शेवटी ठेवला होता. लहानपणी ताटातला लाडू शेवटी खायची सवय होती, तीच ही. सोळाव्या दिवशी, दुपारी बारा वाजता, सहाशे अकरा नंबर जुळवून झाल्यावर त्यांनी चष्मा पुसला, सुपारी तोंडात टाकली आणि अकराचं पान उघडलं.

सही: सौ. शरयू जामदार.

ठीक आहे, एखादं नेलं असेल. त्यांनी पान उलटलं. सौ. शरयू जामदार. सौ. शरयू जामदार. पुढं सौ गेलं, नुसतं शरयू जामदार. आणखी पुढं शरयू आणि एक रेघ. वही संपली, दुसरी घेतली. तीच रेघ. तिसरी. सुपारी तोंडात तशीच राहिली.

पहिली सही शहाऐंशीच्या जूनमधली होती. लग्न मे महिन्यात झालं होतं. वर्ध्याहून आलेली मुलगी, इथली हिंदी ऐकून बावरलेली, महिन्याभरात हा जिना चढून आली होती, आणि हे त्यांना आज कळत होतं. तेव्हा नंबर वडिलांचा होता. नंतर समितीनं ठराव करून तो श्यामसुंदररावांना दिला, पेढे वाटले, आणि त्या आठवड्यातसुद्धा सही शरयूचीच होती. त्यांची सारणी गावाला बदली झाली ती दोन वर्षं, घरात अंथरुणाला खिळलेली सासू, आणि वहीत दर तिसऱ्या दिवशी शरयू आणि रेघ. दोन हजार अकराच्या मार्चपासून जुलैपर्यंत एकही सही नव्हती. त्यांना आधी उमजेना. मग उमजलं. त्यांचं बायपास झालं होतं. ऑगस्टमध्ये ती पुन्हा आली होती आणि एकदम तीन पुस्तकं घेऊन गेली होती.

घरात पुस्तकं होती हे त्यांना ठाऊक होतं. उशाशी असत, फ्रिजवर असत. आपला नंबर अकरा, म्हणून घरात पुस्तकं, एवढाच विचार त्यांनी एकोणचाळीस वर्षांत केला होता. एकदाही त्यांनी विचारलं नव्हतं, काय वाचून राहिली?

स्वतःच्या सह्या मात्र त्यांनी नेटानं शोधल्या. दोन सापडल्या. एक एकोणनव्वदची, 'घरच्या घरी मधमाशा', दुसऱ्या दिवशी परत. दुसरी दोन हजार तीनची, एक जाडजूड शब्दकोश, सात महिने. तो कशाला नेला होता हे त्यांना पक्कं आठवलं. कपाटाचा एक पाय मोडला होता.

शरयूच्या तीन हजार एकशे आठ सह्यांना त्यांच्या दोन. यालाच हात दाखवून अवलक्षण म्हणतात.

आता खरं सांगायचं तर, त्यांनी इकडंतिकडं पाहिलं. समिधा खिडकीपाशी डबा खात होती. यादी त्यांच्याच हातात होती. अकरासमोर श्यामसुंदर लिहिलं असतं तर तपासायला कोण येणार होतं? सहाशे बारा नंबरांत एक. शिवाय वडिलांचा नंबर. शिवाय बायकोचं ते नवऱ्याचंच ना, तिनं कधी मागितला होता का? बोटं एस या अक्षरावर ठेवली होती. आयुष्यभर मीटरचं रीडिंग त्यांनी कधी खोटं लिहिलं नव्हतं, आणि आता एका नंबरासाठी लिहायला निघाले होते. जयाबाईंचं नाव लिहिताना केवढे हसलो होतो आपण!

त्यांनी सुपारी थुंकून टाकली आणि लिहिलं: शरयू जामदार.

कंप्युटर म्हणाला, मोबाइलवर ओटीपी पाठवला आहे. तो मोबाइल शरयूताईंचा, घरी होता. त्यांनी फोन लावला.

"हॅलो, आता एक सहा आकडी नंबर आला असेल. तो सांग."

"कोण बोलून राहिलं?"

"मी. श्यामसुंदर."

"ओटीपी नाही सांगणार," शरयूताई म्हणाल्या. "यांनी बजावून ठेवलंय. बँकवाला म्हटला तरी नाही, पोलीस म्हटला तरी नाही. आवाजसुद्धा नकली काढतात आजकाल."

"अगं मीच बजावलं होतं ना!"

"तेच तर. कशाला पाहिजे ते सांगा आधी."

समिधानं डबा खाली ठेवला. वर्तमानपत्र वाचणारे दोघं वाचायचे थांबले. श्यामसुंदरराव पाठ फिरवून उभे राहिले आणि हळू आवाजात सांगायला लागले, पण जुन्या इमारतीत हळू आवाज कधी हळू राहत नाही. वह्या सांगितल्या, सह्या सांगितल्या, मधमाशा सांगितल्या, कपाटसुद्धा सांगितलं. "तर ठरावाप्रमाणे अकरा नंबर आता तुझा होऊन राहिला. मला... मला आधी दिसायला पाहिजे होतं. चुकलं माझं."

पलीकडं कुकर बंद केल्याचा आवाज आला.

"अहो," शरयूताई म्हणाल्या, "नंबर माझाच होता. तुम्ही नुसते लोकांना सांगत फिरत होता."

मग त्यांनी सहा आकडे एकेक करून सांगितले.

राहता राहिला प्रश्न श्यामसुंदररावांचा, की ते आता कोण? वाचनालयात बसायचं, सभेत बोलायचं, तर सभासद व्हायला हवं. समिधानं नवीन सभासदाचा छापील अर्ज पुढं केला. त्यात एका जुन्या सभासदाची शिफारस लागते. गौतमभाऊ लगेच पेन काढून पुढं सरसावले. श्यामसुंदरराव म्हणाले, "नको. थांबतो मी."

शनिवारी संध्याकाळी शरयूताई पुस्तक बदलायला आल्या. श्यामसुंदरराव जिन्याच्या तोंडाशी उभे होते. या जिन्यावर त्या दोघांनी एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं. शरयूताईंनी आधी आपलं पुस्तक परत केलं, मागच्या कपाटातून दुसरं काढलं, न शोधता, आणि मग टेबलाशी बसून अर्ज हातात घेतला.

शिफारस करणाऱ्याचा क्रमांक. त्यांनी लिहिलं, अकरा.

अर्जदाराला किती वर्षांपासून ओळखता? त्यांनी लिहिलं, एकोणचाळीस.

शेवटचा रकाना होता: अर्जदारास वाचनाची आवड आहे काय? शरयूताईंनी पेन थांबवलं. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. सहासष्ट वर्षांचा तो गृहस्थ दोन्ही हात मागं बांधून, परीक्षेच्या निकालाला उभा राहावा तसा उभा होता.

त्यांनी लिहिलं, 'अजून नाही', खाली शरयू आणि रेघ अशी सही केली, आणि समिधानं क्रमांक सहाशे तेराचा शिक्का मारला.